अकराशे सत्तेचाळीस

रविवारी पहाटे आम्ही तिघं एका स्कूटरवर,
मधे भार्गव, त्याच्या मांडीवर यंत्र,
चादरीत गुंडाळलेलं, आजारी बाळ न्यावं तसं.
अंबादासनं ते घरीच जुळवलं:
मोटार वाइंडिंगची उरलेली तार, मोडक्या रेडिओचा स्पीकर,
प्लास्टिकच्या ताटाखाली कॉईल, आणि दांडा म्हणून
माझी फरशी पुसायची काठी.
ती अजून परत मिळालेली नाही.

बंद गिरणीच्या मागे रिकामं रान आहे.
वॉचमनला आधी विचारायचं, मग चहा द्यायचा,
आणि केलेला खड्डा बुजवायचा. हा अंबादासचा कायदा.
नऊला ऊन चावायला लागतं. त्याआधी जमेल तेवढं.

वही माझ्याकडे. गणवेश शिवते, म्हणून मापंही माझीच:
एक वीत खोल, सोडाबाटलीचं बूच.
चार बोटं, बूच.
दोन बोटं, ब्लेड.
सव्वा वीत, धोट्याचं लोखंडी टोक.
हे बघून अंबादास थोडा वेळ काही बोलला नाही.
बूच. खिळा. बूच.
कधीतरी एखादा भोकाचा पैसा,
एकदा निजामाची चवली, चारमिनारवाली,
हद्दीपलीकडून कुणाच्या कनवटीला बसून आलेली.
वीस पैशाचं कमळ भार्गवचं. तो म्हणतो, सोनं.
आम्ही दोघंही नाही म्हणत नाही.

गड्डा संपला, त्याच्या पुढच्या रविवारी
यंत्र वेगळंच बोललं. बुचासारखं चिरकं नाही,
खर्जात, ढेकर दिल्यासारखं.
गोल पितळ, वर भोक.
घरी चिंचेनं घासल्यावर आकडा आला:
११४७.
नाव नाही.

बिल्ला, अंबादास म्हणाला. त्याच्या वडलांकडेही होता.
आत जाताना फळ्यावर टांगायचा, सुटताना काढून न्यायचा.
खिळा रिकामा, तर माणूस आलाच नाही.

चहाच्या गाड्यावर दस्तगीर मास्तर, पूर्वीचे टाइमकीपर,
बशीतून मान न काढता म्हणाले,
"अकराशे सत्तेचाळीस? सायझिंगचा गुंडेटी.
अठ्ठेचाळीस त्याचा मेव्हणा."
माझं नाव त्यांनी दोनदा विचारलं
आणि दोनदा विसरले.

गुंडेटी आता नाहीत. विडी घरकुलात बालमणी होत्या,
मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू,
बोटं आमच्याकडे न बघता चाललेली.
मी रुमाल सोडला. वाटलं, आता रडतील.
मी तशी तयारी करूनच गेले होते.

"इप्पुडु एंदुकु?" म्हणाल्या. आता कशाला हे?
"ह्याच्यापायी एका दिवसाचा खाडा, वर आठ आणे दंड.
आणि रात्री मला मार.
म्हणे, तूच सदरा उलटा करून आपटलीस धुताना."
पान, तंबाखू, वळ, दोरा.
"कुठं घावला?"

गिरणीत, भार्गव म्हणाला. मागच्या भिंतीजवळ.

बोटं थांबली.
"गिरणीत?"
गिरणीत.
"मोरीत नाही. घरात नाही."
नाही, आजी.
"किती खाली?"
दीड वीत, मी म्हटलं. लिहिलंय.
"लिहिलंय होय?" त्या सरसावून बसल्या. "वाच की मग."

मी वाचलं. तारीख, जागा, खोली, आकडा.
त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.
तिसऱ्यांदा शेजारणीला हाक मारून, तिच्यासमोर.

बिल्ला त्यांनी पानांच्या चवडीवर ठेवला,
पंख्यानं उडत होती म्हणून.
पण हात पुढे केला तो वहीसाठी.
मी पान फाडून दिलं. चार घड्या करून
त्यांनी ते चोळीत सारलं, नोट ठेवावी तसं.

परतताना भार्गव कुरकुरत होता,
त्या पानावर आपली सात बुचं होती,
आणि एक कमळ.