ब्रनो, तिसरा दिवस

सभागृहात गारठा. व्लास्तिमिल पडद्यावर
पेशीची भिंत दाखवतो, चाळीस हजार पट मोठी;
कोपऱ्यात पांढरी मोजपट्टी: अर्धा मायक्रॉन.
कुणी खोकतं. प्रश्न नाहीत.
माझ्या पोस्टरपाशी एकच जण थांबला,
त्याला कॉफीचं टेबल हवं होतं.

रात्री ट्राममध्ये, फोनवर,
ओस्त्रावाचा एक जाडजूड इसम
घडीची खुर्ची उघडू पाहतो. उघडत नाही.
मी हसले, इतकी की समोरची बाई
पिशवी सावरून सरकून बसली.

मग सवयीनं चित्र थांबवलं,
एकेक फ्रेम मागे नेली.
हसू नेमकं कुठे आहे?
खुर्चीत नाही. बोटांत नाही.
अजून मोठं केलं
तर नुसते चौकोन, करडे,
आणि माझा थांबा केव्हाच मागे पडलेला.