आधी पाहुणा

मी रसायनतज्ज्ञ नाही.
दर गुरुवारी सकाळी तळघरात उतरतो
आणि चुंबकाला द्रव नायट्रोजन पाजतो.
त्याच्या तोंडातून वाफ निघते.
वर यूवास्कूलाचं तळं इतकं गोठलेलं
की त्यावरून गाड्या जातात.

ऐनिक्की वुओरेला तिसरा हिवाळा एक पिंजरा बांधत होती.
बांधत होती, हे माझं म्हणणं. ती म्हणायची,
"हातोडी नाही, खिळा नाही. मी फक्त कोन ठरवते.
पॅलेडियमचे अणू, त्यांना धरणाऱ्या वाकड्या काड्या,
सगळं एका नळीत घालायचं, रात्रभर ऊब द्यायची
आणि घरी निघून जायचं.
जुळायचं ते त्यांनी."

ते जुळत नव्हते.
आलेखावर शिखरांऐवजी टेकाडं उठायची,
रुंद, आळशी,
जणू पांघरुणाखाली कुणी कूस बदलतंय.
एकशे अठरा नळ्या.
वहीत प्रत्येकीपुढे एकच शब्द: चिखल.

फेब्रुवारीत नायट्रेट संपलं.
शेजारच्या फळीवरून तिनं दुसरं मीठ उचललं,
बोरॉनभोवती चार फ्लोरीन असलेलं.
तात्पुरतं, नवी बाटली येईपर्यंत.

त्या गुरुवारी मी झडप बंद करत होतो.
पडद्यावर चार रेषा उभ्या राहिल्या,
बारीक, सुईसारख्या.
ती काही बोलली नाही.
माझ्या स्टुलावर बसली, हातमोजे न काढता,
आणि स्टूल माझं आहे हे मीही बोललो नाही.

पुढे स्फटिक क्ष-किरणांखाली गेला.
पिंजऱ्याच्या ऐन मधोमध तो बोरॉनचा आयन,
ऐसपैस बसलेला.
"आत शिरला कसा?" मी विचारलं.
"शिरला नाही. तो आधीच होता.
भिंती नंतर आल्या, त्याच्याभोवती."
"आणि आता अडकला?"
"छे. जातो-येतो. दार नाही,
पण भिंती जरा सैल असतात."

एकशे एकोणिसाव्या नळीपुढे तिनं लिहिलं:
चिखल नाही.

तळ्यापलीकडे माझी झोपडी आहे, नऊ वर्षं अर्धवट.
पुरी झाली की बोलावीन, असं ओस्मोला सांगत आलो;
भाऊ आहे, पण फोन नाताळलाच.
त्या रात्री मार्चमध्येच केला.
म्हटलं, सौनाला अजून छत नाही,
जमीनही एका बाजूला कललीय.
पलीकडे बराच वेळ शांतता.
मग म्हणाला, करवत आणू का?