दोन सूत कमी

मनीषनगरच्या साइटवर सातला पोचते मी,
ऊन स्लॅबवर चढायच्या आत.
टेप, खडू, लांबट वही
आणि नकाशाची झेरॉक्स,
जिच्यावर प्रत्येक खिडकी पाच बाय चार आहे.

भिंतीत एकही तशी नाही.

रज्जाकभाईंनी शिकवलं हे सगळं,
गांधीबागेतल्या त्या बोळातल्या दुकानात,
जिथं काचेचा चुरा चपलेत शिरून घरापर्यंत यायचा.
रुंदी घे वर, मध्ये, खाली.
तिन्हींत लहान असेल ती खरी.
मग तिच्यातूनही दोन सूत सोड.
काहून जी, मी विचारलं.
मे महिन्यात ये, म्हणाले, चौकटीलाच विचार.
सेहेचाळीस अंशात अल्युमिनियम अंग पसरतं,
काचेला तेवढं जमत नाही.
कमी पडली तर रबर भरता येतं, बेटा.
जास्त झाली तर काय भरशील?

वीस फ्लॅट. फ्लॅटमागे चार खिडक्या.
खिडकीमागे दोन पल्ले.
एकशे साठ.
संडासाच्या झडपा वेगळ्या, दाणेदार काचेच्या,
खालच्या जिमचं दार बारा एमेमचं,
ते आधी कापायचं, भोकं पाडायची, मगच भट्टीत घालायचं.
भट्टीतून निघालेल्या काचेला हिरा लागत नाही.
तिथं चूक झाली की चूकच उभी राहते दारात.

अठ्ठावीस इंचाची काच बिलात तीस होते.
तो रिवाज आहे.
वरचे दोन इंच कुठं जातात
हे मी आता कोणाला विचारत नाही.
तुटफूट पाच टक्के.

पूर्वी हॉलची एक काच वजा धरायची.
नागपूरच्या खिडकीत
एक पल्ला कूलरचाच असायचा,
तसा अलिखित कायदा होता.
वीस फ्लॅट, वीस काचा वजा,
मोजणाऱ्यालाही तेवढंच बरं वाटायचं.
यंदा बिल्डर म्हणाला, म्याडम, सगळे एसीवाले आहेत,
पूर्ण धरा.
धरली.

चौथ्या मजल्यावर चारशेतीनमध्ये
एक बाई उभी होती, पायात सिमेंट,
हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेली पावती.
सुलभाबाई नंदनवार.
हा पल्ला नको मले, म्हणाल्या.
इथं कूलर बसीन.
मी म्हटलं, एसीचा पॉइंट आहे की वरती.
राहू द्या तो. खसचा वास पायजे मले.
आणि चौकटीतल्या रिकाम्या जागेतून
हात बाहेर काढून पाहिला त्यांनी,
भाव करताना कापड पाहतात तसा.

जिन्यात वॉचमन म्हणाला,
खस नाही वो, पोरगा आहे त्यांचा.
अजनीच्या शेडमध्ये, मालगाडी चालवते.
बल्लारशाहून येताना रात्री इथं भोंगा देते.
बंद काचेआड आवाज पोचन का?

मी काही बोलले नाही.
टेप आत घेतली,
ती सटकन बोटावर बसली.

संध्याकाळी ऑफिसात तक्ता बनवला.
एकूण पल्ले एकशे एकोणसाठ.
अकाउंटंट ढोमणे चष्म्यावरून बघत म्हणाले,
एक काहून कमी?
शेऱ्याचा रकाना अर्ध्या इंचाचा असतो.
त्यात मावेल तेवढं लिहिलं:
चारशेतीन, हॉल, उजवा पल्ला, कूलर.

मग मागे जाऊन
त्या खिडकीचं माप पुन्हा तपासलं,
वर, मध्ये, खाली.
जी काच लागणारच नव्हती
तिच्यातूनही
सवयीनं दोन सूत सोडले होते मी.