तक्रधारा

पोन्नानीच्या दीपगृहात बत्तीस वर्षं
वर्गीसनं दिवा फिरवला.
आता दिवा आपोआप फिरतो,
थांबत नाही तो वर्गीसच.
रात्री दर दहा सेकंदांनी डोळे उघडतात,
बायको सांगते, अगदी ठोक्याला.

वैद्यांनी नाडीवर तीन बोटं ठेवली,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग विचारलं, समुद्र कुठल्या कानात आहे?
डाव्या, तो म्हणाला,
जणू हे कुणीही विचारतं.

मग मी. कार्त्यायनी, ताक ओतणारी.
लाकडी द्रोणीत तो उताणा,
कपाळावर टांगलेलं मडकं,
नागरमोथा नि आवळ्याच्या काढ्याचं ताक.
वातीवरून उतरणारी बोटभर धार
डावीकडून उजवीकडे नेते मी,
भुवईला न लागू देता, परत.
तासभर. बोलायची मुभा नाही.

पहिले आठ दिवस त्याचे ओठ हलत होते.
मोजत होता, माझी चूक काढत होता:
अकरा झाले, बाई, जहाजं खोळंबलीत.

नवव्या दिवशी ओठ थांबले.
मडकं रिकामं झालं तरी उठेना.
उठला तो दचकून,
कानांतून ताक ओघळत होतं.
"दिव्यापाशी कोण आहे?"

नियम मोडून मी म्हटलं, मी आहे.

संध्याकाळच्या बसमधून किनारा दिसला,
हातांना अजून आंबूस वास होता.
उजेड आला. गेला.
सात की आठपर्यंत पोचले असेन,
कंडक्टरनं सुट्टे मागितले.