मूळ गाव

आकाशकंदील उतरले की
वडगावात आमच्या दारी मुंडगोडचा टेम्पो थांबतो.
चौदा गठ्ठे स्वेटर, एक कुकर,
आणि पुढच्या सीटवर छिमीआजी,
मांडीवर पत्र्याची पेटी.
संक्रांतीपर्यंत मागाची खोली त्यांची.
बाबांनी माग विकला, खड्डा तेवढा राहिला.
त्यावर फळ्या टाकून यांगझोम गठ्ठे रचते.

लोक म्हणतात, तिबेटी स्वेटर.
लुधियानाचे आहेत, यांगझोम हसते,
तिबेटी मी. आणि मीही मुंडगोडची.
भाव करताना मात्र पक्की बेळगावची:
"परवडत न्हाई ओ मावशी, हात लावून बघा की."
कानडी गिऱ्हाईक आलं की कानडी.
पैसे मोजते ते तिबेटीत, मनात.
ओठ हलतात तेव्हा कळतं.

आजीला एकदा मी सीमाप्रश्न समजावत होते.
"कुठाय ती सीमा?"
शिनोळीला. पंधरा-सोळा किलोमीटर.
"बर्फ?"
नाही. पेट्रोल पंप आहे.
ती बराच वेळ माळ ओढत राहिली.
"मग रात्री कशाला जायचं," म्हणाली,
"दिवसाच जा."

यंदा ल्हाक्यी आली, तीन दिवसांपुरती.
नर्सिंग झालं, आता टोरांटो.
उंबऱ्यावर बसून फॉर्म भरला, माझ्या पेनानं.
कुटुंबाचं मूळ गाव, असा एक रकाना होता.
आजीनं नाव सांगितलं.
यांगझोमनं तेच सांगितलं, मधला एक स्वर वेगळा.
पुन्हा आजी. पुन्हा यांगझोम.
माझ्या देवनागरीत ते बसेना,
इंग्रजीत तर भलतंच काही झालं.
"नदीच्या वरच्या अंगाला," आजी म्हणाली,
जणू टोरांटोत कुणाला ती नदी ठाऊक असणार.

शेवटी ल्हाक्यीनं लिहिलं, मुंडगोड, कॅम्प नंबर सहा,
आणि मान वर केली नाही.

मागच्या गल्लीतले पॉवरलूम थांबले होते.
वीज गेली असावी.
आजीनं कागद घेतला, आधी उलटा, मग सुलटा,
त्या ओळीवर बोट ठेवलं.
कुठली ओळ ते तिला कसं कळलं, देव जाणे.
"तिथं मका चांगला येतो," म्हणाली.
"आधी रान होतं सगळं.
मी होते की तोडायला."

मग पेटी उघडून काहीतरी शोधत बसली.
सापडलं नाही, की शोधायचंच नव्हतं.
ल्हाक्यीनं विसरून माझं पेन
आपल्या खिशाला लावलं.
मी मागितलं नाही.