एकशे अकरा

पत्र एका ओळीचं. दुसऱ्या ओळीत शुभेच्छा.
ओर्नेल्लाने ते टाचणीने कोटाच्या अस्तराला लावलं,
मापाची चिठ्ठी लावावी तसं,
आणि जिना उतरून त्रिएस्तेच्या वाऱ्यात शिरली.
त्या दिवशी बोरा सुटला होता,
म्हातारी माणसं भिंतीचे दोर धरून चढ चढत होती.

वर, नाटकघराच्या शिवणखोलीत,
राजाची डावी बाही
कच्च्या टाक्यातच राहिली.

संघटनेच्या कचेरीत लिव्हिओ श्तार्क
करार खिडकीशी नेऊन वाचतो,
नोट खरी की खोटी बघावी तसा.
चोरी?
नाही.
हात उगारलात कुणावर?
कात्री आपटली एकदा. टेबलावर.
टेबल तक्रार करत नाही, तो म्हणतो.
मग मुदतीआधी मोडायचं कलम शोधतो,
पान उलटून, पाठकोरं असूनही.
नाही.
तीस जून लिहिलंय. सह्या दोघांच्या आहेत.

भिंतीवरचं कॅलेंडर उतरवतो,
मासळीवाल्याने वाटलेलं, दर महिन्याला एक मासा.
मार्चचे वीस. एप्रिल तीस.
मे, पेरांवर पुन्हा मोजून, एकतीस.
जून.
एकशे अकरा.
'हे दिवस तुम्ही विकलेत, बाई.
माल त्यांच्या दारात उभा आहे.
नको झाला तर नेऊ नये त्यांनी,
दाम मात्र ठरलेला.'

एप्रिलच्या शेवटी ती परत आली, खुर्चीवर न बसताच म्हणाली:
चौदा दिवस हॉटेलच्या चादरी धुतल्यात मी.
सांगायचं की नाही?
लिव्हिओने पेन्सिलीला टोक केलं.
सांगायचं.
जास्तीचं कापड आपणच कापावं,
समोरच्याच्या हाती कात्री देऊ नये.
सत्त्याण्णव.

पैसे ऑक्टोबरात आले. घरभाड्यात गेले.

तेच नाटक पुन्हा लागलं तेव्हा
तिने सगळ्यात वरच्या सज्ज्याचं तिकीट काढलं.
दुसऱ्या अंकात राजाने डावा हात उंचावला
आणि बाही खांद्यात ओढली गेली;
जाड दोऱ्याने कुणीतरी घाईत उरकली होती.
लोक टाळ्या वाजवत होते.
ओर्नेल्लाची बोटं मांडीवरच्या कोटाच्या काठाशी
एकेक टाका उसवत राहिली.