मिठाचं पाणी

लाइटमीटर म्हणाला, इथे काही नाही.
वडशाच्या पुढे, कापून झालेल्या धानाच्या बांधीत
मंडईचे पाळणे उतरवून झाले होते,
आणि तणसावर बसलेल्या दोन हजार माणसांना
सगळं दिसत होतं.

मी तिसऱ्या वर्षाला. कॅमेरा संस्थेचा,
चार सह्या करून आणलेला.
दिग्दर्शक सुहृद, त्याला हवं होतं काहीतरी खरं.
छायालेखकाचं काम काय,
असं पहिल्याच तासाला सरांनी विचारलेलं.
एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला दाखवणं,
असं मी लिहिलं.
दहापैकी सहा.

नाटकाचे दिवे ज्याच्या हाती, तो पासष्टीचा,
वर स्वेटर, खाली लुंगी,
पुढ्यात लोणच्याच्या चार चिनी बरण्या
मिठाच्या पाण्याने भरलेल्या.
प्रत्येकीत वरून सोडलेली तार, तारेला बांबूची मूठ.
तार बुडाली की रंगमंचावर सकाळ व्हायची.
वर आली की सून एकटी पडायची.

किती मीठ, मी विचारलं.
"जास्त झाला तं रात्रीचा दिवस होते.
कमी झाला तं पब्लिक खोकलते."
मी रिपोर्टात लिहिलं: प्रकाश, मेश्राम.
अंदाजे.

पहिल्या अंकात मी त्याला म्हटलं, काका, जरा वाढवा,
माझ्या लेन्सला पुरत नाही.
त्याने मागे वळून लेन्सकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
"दोन हजार डोळ्याइले पुरते,
तुह्या एकाले नाही पुरत?"
दोन हजार माणसं म्हणजे चार हजार डोळे,
पण हिशेब सांगायची ती वेळ नव्हती.
मग थोड्या वेळाने, स्वतःशीच:
"अंधार बी पाजा लागते बाई. घोट घोट."

रात्री तीनला इन्स्पेक्टरचं काम करणारा आलाच नाही.
दोन बरण्या सांभाळणारा भाचा
खाकी चढवून, मिशी चिकटवून आत गेला.
"ये," काका म्हणाला.
मी ट्रायपॉड घट्ट केला, बटण दाबलं,
फोकस देवावर सोडला आणि गेले.

बांबू हातात गरम लागला.
बरणीतून चहाच्या आधणासारखी वाफ.
समोर ती दाराशी येते, दारात कुणी नसतं.
हे तिला कळायला जेवढा वेळ लागेल
तेवढ्या वेळात तार वर घ्यायची,
आधी नाही, नंतर नाही.
चेहरा मला दिसत नव्हता, मी मानेकडे बघत राहिले.
मान आधी समजते.
काकाने त्याची तार धरलेली,
माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्याने.
कुठेतरी एक मूल रडायचं थांबलं.
खोकला नाही.

पुण्यात, छोट्या प्रोजेक्शन खोलीत,
चार मिनिटं अकरा सेकंद.
क्षितिज डावीकडे कललेलं,
कोपऱ्यात कुणाचीतरी माकडटोपी, तेवढीच स्पष्ट,
रंगमंच धूसर.
सरांनी थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा लावलं.
हा उजेड थरथरतोय, म्हणाले. का?
सुहृदने माझ्याकडे बघितलं.
व्होल्टेज म्हणता आलं असतं.
हात होता सर, मी म्हटलं,
आणि त्यांनी वहीत काय लिहिलं
ते मला अजून माहीत नाही.

श्रेयनामावलीसाठी फोन केला.
पलीकडे कुठल्यातरी गावात तालमीचा गलका,
पेटी लावत होतं कुणीतरी.
"श नाही, स. मेसराम.
आन भाच्याचा बी टाक, त्यानं इन्स्पेक्टर बी केला.
तुहा कुठं टाकलीस?"
छायालेखनाच्या खाली, मी म्हटलं.
बरणीत मीठ ओतल्याचा आवाज आला,
मग ढवळल्याचा.
"पन कॅमेऱ्यापासी तं
तू नव्हतीस ना वो."